नक्कल

गेल्या दिवाळीनंतर आम्ही धुळ्याचं घर विकायला काढलं. देवपुरातलं तीन खोल्यांचं घर, आजोबांनी एसटीतल्या नोकरीवर बांधलेलं. आजी गेल्यापासून तिथे आत्या एकटी राहत होती, आणि तिला एकटं ठेवणं बरं नाही असं पप्पांचं म्हणणं होतं. तिला जळगावला आमच्याकडे आणायचं, घर विकायचं, पैसे तिच्या नावावर टाकायचे, असं ठरलं. कागदपत्रांसाठी मी पुण्याहून आठवडाभराची रजा काढून आले. सकाळी सिटी सर्व्हेच्या ऑफिसात उताऱ्याच्या नकलेसाठी अर्ज करायचा, दुपारी घरी येऊन सामान आवरायचं, असा कार्यक्रम होता.

माळ्यावर पत्र्याची पेटी होती. तिच्यात वर आजीची जरीची दोन लुगडी, डांबरगोळ्या, आणि खाली साडीच्या फडक्यात गुंडाळलेल्या कागदांच्या सुरळ्या. एक सुरळी उलगडली आणि मी तिथेच खाली बसले. अजिंठ्याचा पद्मपाणी होता. हँडमेड कागदावर, पोस्टर कलरमध्ये, हातभर उंचीचा. खाली झुकलेले डोळे, एका बाजूला कललेली मान, हातात निळं कमळ. पेन्सिलीने टाकलेला ग्राफ अजून अंधुक दिसत होता. खांद्याच्या बाजूला आणि खाली काही जागा कोऱ्या सोडलेल्या होत्या, वेड्यावाकड्या कडांच्या. आणि त्यातली एक जागा जांभळ्या स्केचपेनने गच्च भरलेली होती.

ती मी भरली होती.

मी आठेक वर्षांची असेन. सुट्टीत धुळ्याला आले होते. आत्याच्या चित्रात जागा राहून गेलीय, ती रंगवायची विसरलीय, असं मला वाटलं. मी मदत केली. आत्याने बघितलं, काही बोलली नाही, आणि सगळ्या सुरळ्या पेटीत गेल्या. त्यानंतर मी तिला चित्र काढताना कधी पाहिलं नाही. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे की नाही, हे मी वीस वर्षं कुणाला विचारलं नव्हतं.

पप्पा मागून आले. सुरळ्या बघून म्हणाले, "हे कुठे नेणार? जळगावला जागा नाही. नकलाच आहेत सगळ्या." त्यांच्या दुसऱ्या हातात उताऱ्याची नक्कल होती, सही-शिक्क्याची. ती त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट सरकवली.

*

आत्याबद्दल आमच्या घरात बोलायची एक ठरलेली पद्धत आहे. ती हुशार होती. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही ड्रॉइंग परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. एटीडी केलं. धुळ्याजवळच्या एका विनाअनुदानित शाळेत चित्रकलेची शिक्षिका म्हणून लागली. रात्र रात्र जागून चित्रं काढायची. आणि मग "तिच्या डोक्यावर परिणाम झाला." लग्न वर्षभरही टिकलं नाही. आधी एका भगताकडे नेलं, मग आणखी कुठे कुठे, आणि चारेक वर्षांनी डॉक्टरकडे. गोळ्या सुरू झाल्या आणि ती बरी झाली, म्हणजे शांत झाली. आजी मला अहिराणीत दटावायची, "तिले नको बोलू काही." घरातल्या सगळ्यांच्या मनात कारण पक्कं होतं. चित्रांच्या नादानं झालं.

हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की मी इंजिनीअरिंगला गेले त्यात त्याचाही वाटा असणार. मला चित्रकला बरी यायची. दहावीला इंटरमिजिएटचे वाढीव मार्कही मिळाले. पण बारावीनंतर जे. जे.चा विषय मी स्वतःच काढला नाही. आमच्या घरात तो विषय निघाला असता तर सगळ्यांनी आधी आत्याच्या खोलीकडे बघितलं असतं.

आता मी पुण्यात एका कंपनीत जुन्या सॉफ्टवेअरचं मायग्रेशन करते. तीस-तीस वर्षांपूर्वी लिहिलेले प्रोग्रॅम वाचायचे, ते काय करतात ते समजून घ्यायचं आणि नव्या भाषेत तेच करणारा प्रोग्रॅम लिहायचा. तेच म्हणजे अगदी तेच. एका प्रोग्रॅममध्ये व्याजाचा शेवटचा पैसा चुकीच्या बाजूला गोल केला जात होता. मी तो दुरुस्त केला. ग्राहकाकडून निरोप आला की चूक होती तशी परत घाला, कारण पुढची सगळी गणितं त्या चुकीवर बसलेली आहेत. मी घातली. म्हणजे मीही नकलाच करते. फक्त त्याचा पगार येतो म्हणून त्या कुणी रद्दीत टाका म्हणत नाही.

आणि एक गोष्ट तेव्हा घरी कुणाला माहीत नव्हती. मागच्या मार्चमध्ये, एका रिलीजच्या रात्री ऑफिसच्या लिफ्टमध्ये माझा श्वास अडकला. छातीत धडधड, हाताला मुंग्या, आपण आत्ता मरणार अशी खात्री. ईसीजी नॉर्मल आला. तसं आणखी तीनदा झालं तेव्हा मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी विचारलं, घरात कुणाला मानसिक आजार होता का? मी "नाही" म्हणाले. गोळ्या घेते, झोप सुधारली आहे. पण ते "नाही" माझ्या मनातून गेलेलं नाही.

*

धुळ्यातल्या त्या आठवड्यात रात्री झोप येत नसे, तेव्हा मी मोबाइलवर अजिंठ्याच्या नकलांबद्दल वाचत बसायचे. आत्याने मूळ म्हणून काय समोर ठेवलं असेल ते मला शोधायचं होतं. त्या शोधात मला ख्रिश्चियाना हेरिंगहॅम सापडली.

अजिंठा आम्हा जळगावकरांना घरचाच वाटतो. लेणी औरंगाबाद जिल्ह्यात, आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं, पण स्टेशन आमचं. साठेक किलोमीटरवर. पाहुणे आले की भरीत-भाकरी आणि अजिंठा हे दोन्ही होणारच. त्यामुळे रॉबर्ट गिल आणि पारोची गोष्ट आम्हाला पाठ असते. मद्रास आर्मीतला हा अधिकारी १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या आदेशावरून इथे आला, वीसेक वर्षं चित्रांच्या नकला करत राहिला. पारोवर ना. धों. महानोरांनी काव्य लिहिलं, त्यावर नितीन चंद्रकांत देसाईंनी सिनेमा काढला. गिल १८७९ साली वारला आणि भुसावळच्या ख्रिस्ती कबरस्तानात त्याची कबर आहे. त्याने केलेली मोठमोठी तैलचित्रं लंडनला गेली आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसला आग लागली तेव्हा त्यातली बहुतेक जळाली. मग १८७२ पासून जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. तेरा वर्षं हंगामाहंगामाने काम चाललं. त्यांच्याही बऱ्याच प्रती १८८५ साली लंडनमध्येच साउथ केन्सिंग्टनला आगीत गेल्या. उरलेल्या प्रतींवरून ग्रिफिथ्सचे दोन जाडजूड खंड निघाले.

हेरिंगहॅम यांच्यानंतर आली. आमच्याकडे तिचं नाव कुणाला माहीत नाही. तिच्या वाट्याला पारोसारखी कुणी आली नाही, म्हणून असेल.

ती १८५२ साली इंग्लंडमध्ये केंट परगण्यात जन्मली. माहेरचं नाव पॉवेल. वडील पैसेवाले शेअर दलाल आणि कलेचे आश्रयदाते. विल्मट हेरिंगहॅम या डॉक्टरशी लग्न झालं, दोन मुलगे झाले. थोरला लहानपणीच गेला. तिने चित्रकार म्हणून जे केलं त्याची सुरुवात नकलेपासूनच झाली. युरोपात तैलरंग येण्याआधी चित्रकार अंड्याच्या बलकात रंग कालवून लाकडी फळीवर रंगवत. त्याला टेम्परा म्हणतात. ही पद्धत जवळजवळ विसरली गेली होती. चेन्निनो चेन्निनी या जुन्या इटालियन चित्रकाराने त्याबद्दल एक पुस्तक लिहून ठेवलं होतं. हेरिंगहॅमने ते इंग्रजीत आणलं, १८९९ साली. पण नुसतं भाषांतर केलं नाही. पुस्तकात लिहिलंय तसं अंडं फोडून, रंग घोटून, जुन्या चित्रांच्या नकला करून, प्रत्येक कृती होते का ते तपासलं. मला हे वाचून बरं वाटलं. डॉक्युमेंटेशन वाचून कोड चालवून बघणारी बाई. १९०१ साली तिने टेम्परा चित्रकारांची संस्था काढण्यात पुढाकार घेतला.

१९०३ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय संग्रहांसाठी कलाकृती विकत घेणारा एक निधी उभा राहिला. त्याचे पहिले २०० पौंड तिचे. त्या निधीने १९०६ साली वेलाझ्केझचं रोकबी व्हीनस हे चित्र ४५ हजार पौंडांना घेऊन नॅशनल गॅलरीला दिलं. बायकांना मताचा अधिकार मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीतही ती होती. पुढे १९१४ साली त्याच चळवळीच्या जहाल गटातल्या मेरी रिचर्डसनने त्याच व्हीनसवर सुऱ्याने वार केले. तेव्हा हेरिंगहॅम कुठे होती, ते पुढे येईलच.

अजिंठ्याला ती पहिल्यांदा १९०६ साली आली. तिला कळलं की ही चित्रं झपाट्याने जातायत. गिलाव्याचे पोपडे पडतायत, आधीच्या नकलाकारांनी रंग उठून दिसावेत म्हणून लावलेलं व्हार्निश पिवळं पडून चित्रांवर बसलंय, आणि त्या नकलाही आगीत गेल्यात. परत येऊन करायला हवं, असं तिने ठरवलं. १९०९-१० आणि १९१०-११ असे दोन हिवाळे ती इथे राहिली. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न. लेणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. जळगाव-पाचोऱ्याला रेल्वे होती, पुढचा रस्ता बैलगाडी-टांग्याचा. मुक्काम फर्दापूरच्या बाजूला.

तिच्यासोबत कोण होतं ते वाचून मी उठून बसले. अवनींद्रनाथ ठाकुरांचे कलकत्त्याचे विद्यार्थी: नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि म्हैसूरकडचे व्यंकटप्पा. हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन. इंग्लंडहून डोरोथी लार्चर, जी पुढे कापडावरच्या ठशांच्या छपाईसाठी नावाजली गेली. नंदलाल तेव्हा सत्तावीस वर्षांचे, म्हणजे माझ्याच वयाचे. हलदार तर एकोणीसचे. म्हणजे ज्या नंदलाल बोसांनी पुढे शांतिनिकेतनात पिढ्या घडवल्या आणि भारताच्या संविधानाची मूळ प्रत सजवली, त्यांचा हात एका हिवाळ्यात वाघूर नदीच्या काठी, अंधाऱ्या लेण्यात, भिंतीवरच्या रेषेमागून रेषा काढत होता. नक्कल करत होता.

*

नकलेला आपण कमी का लेखतो, हे मला त्या वाचनात थोडं उमगलं. आपल्याला वाटतं, नक्कल म्हणजे डोकं न लावता केलेलं काम. पण भिंतीसमोर उभं राहिल्यावर दर इंचाला निर्णय घ्यावा लागत असणार. ही रेषा मूळची की तडा? हा काळपटपणा रंगाचा की धुराचा? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, जिथे गिलावाच पडलाय तिथे काय करायचं? कोरं सोडायचं, की तिथे काय असेल त्याचा अंदाज करून भरायचं? भरलं तर ते सुंदर दिसेल, पण ते आपलं असेल. सोडलं तर ते खरं असेल, पण बघणारा म्हणेल, अर्धवट आहे.

हेरिंगहॅमला हे काम जमलं त्यामागे चेन्निनी होता. अजिंठ्याच्या चित्रांना सगळे फ्रेस्को म्हणतात, पण इटलीतल्यासारखी ओल्या चुन्यावर रंगवलेली ती चित्रं नाहीत. माती, शेण, भाताचा तूस यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना, आणि बाहेरून आणलेला लाजवर्दी निळा. म्हणजे टेम्पराच. पांढऱ्यावर आधी लाल रेषा, मग पातळ रंग, मग वरचे रंग, आणि शेवटी तपकिरी-काळ्या रेषेने परत सगळं बांधून घ्यायचं, हा क्रम ओळखायला टेम्परा हाताने केलेला माणूसच लागतो. १९१० साली तिने बर्लिंग्टन मॅगझिनमध्ये या चित्रांवर लेख लिहिला. त्याच वर्षी लंडनमध्ये एका सभेत जॉर्ज बर्डवूड या जाणत्या म्हणवणाऱ्या साहेबाने ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली. त्यावर चिडून काही लोकांनी इंडिया सोसायटी काढली. त्यांत ती होती.

१९११ साली क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात या नकला लावल्या गेल्या. ज्या इमारतीत गिलची चित्रं जळाली होती, तीच इमारत. १९१५ साली इंडिया सोसायटीने त्यांचा ग्रंथ काढला, अजंठा फ्रेस्कोज. चित्रांखाली कुणी नक्कल केली त्याचं श्रेय, सोबत लेख. पुस्तकावर तिचं नाव लेडी हेरिंगहॅम. नवऱ्याला १९१४ साली सर ही पदवी मिळाली म्हणून ती लेडी झाली. अजिंठ्यात ती नुसती मिसेस होती.

आणि पुस्तक निघालं तेव्हा ती मनोरुग्णालयात होती.

१९११ साली परत गेल्यावर तिचं मन ढासळलं. कुणीतरी आपला पाठलाग करतंय, आपला छळ करतंय, असं तिला वाटू लागलं. ती पुढची अठरा वर्षं तशीच, संस्थांमध्ये, १९२९ साली मरेपर्यंत. धाकटा मुलगा १९१४ मध्ये युद्धात मारला गेला तेव्हाही ती आतच होती. मेरी लॅगो यांनी १९९६ साली तिचं चरित्र लिहिलं. ई. एम. फॉर्स्टरच्या ए पॅसेज टू इंडिया कादंबरीतली मिसेस मूर, जी एका लेण्यातल्या प्रतिध्वनीने हादरून जाते, तिच्यामागे हेरिंगहॅम असावी असाही एक तर्क आहे.

मी रात्री दीड वाजता हे वाचलं आणि मोबाइल उलटा ठेवला. भिंतीपलीकडे आत्या झोपली होती. मला पप्पांचा आवाज ऐकू आला, चित्रांच्या नादानं झालं. इंग्रजांनीही तेच म्हटलं होतं की. लेण्याने केलं. अंधाराने, हिंदुस्थानाने केलं.

पण मग मी जरा इंजिनीअरसारखा विचार केला. कुठलाही सर्व्हर पडला की आमच्याकडे पहिला संशय शेवटच्या बदलावर घेतला जातो. बऱ्याचदा तो निर्दोष निघतो. मूळ बिघाड कधीचाच आत असतो, तो बदल फक्त शेजारी उभा असतो. हेरिंगहॅमच्या मनात काय होतं ते मला कळणं शक्य नाही. पण मुलगा गेल्यानंतर एवढी वर्षं ती जे करत होती, भाषांतर, निधी, चळवळ, दोन हिवाळे लेण्यात, ते तिला पाडत होतं की धरून ठेवत होतं, हा प्रश्न तरी विचारायला हवा. आत्याच्या बाबतीत तर विचारायला माणूस शेजारच्या खोलीत होता. आणि पंचवीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

*

आत्याला मी दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला येतेस का, असं विचारलं. ती म्हणाली, "सोमवारी बंद असतं." म्हणजे यायचं होतं.

आम्ही डिसेंबरात गेलो, तिला जळगावला आणल्यावर. पप्पांनी गाडी दिली, आईने पुरी-भाजीचा डबा दिला, आणि गोळ्यांची पिशवी माझ्याकडे दिली, जणू आत्या तिथे नव्हतीच. नेरी, पहूर, फर्दापूर. टी पॉइंटवर गाडी लावून एसटीच्या बसने लेण्यांपाशी. पायऱ्या चढताना आत्या थांबत होती, पण पहिल्या लेण्याच्या रांगेत नेटाने उभी राहिली. तिथे ठरावीक माणसं एका वेळी आत सोडतात. चपला काढायच्या, फ्लॅश मारायचा नाही.

आत मंद दिवे आहेत. डोळे सरावायला वेळ लागतो. पद्मपाणी गर्भगृहाच्या डाव्या हाताला आहे. लोक येत होते, मोबाइलवर फोटो घेत होते, पुढे सरकत होते. आत्या कठड्यापाशी उभी राहिली. मी तिच्याकडे बघत होते, तिला काही होईल का म्हणून. ती चित्राकडे बघत होती, आणि तिची बोटं साडीच्या पदरावर हलत होती, रेष काढल्यासारखी.

"खांद्याचा उतार चुकला माझा," ती म्हणाली. "पोस्टकार्डावरून केलं होतं. पोस्टकार्डात कळत नाही."

"आत्या, तू त्या जागा कोऱ्या का सोडल्या होत्यास?"

"तिथे नाहीये काही. बघ की." तिने बोट दाखवलं. "मग मी कुठून काढू? वर्गात सर म्हणाले होते, पूर्ण कर, मार्क जातील. गेले."

बाहेर आल्यावर आम्ही सावलीत कठड्यावर बसलो. खाली वाघूर, बारीक धार उरलेली. मी डबा उघडला. मग मी विचारलं ते मला नीट विचारता आलं नाही. असं काहीसं की, चित्रांमुळे तुला त्रास झाला का.

ती बराच वेळ पुरी तोडत राहिली. मग म्हणाली की झोप आधी गेली. लग्न ठरायच्याही आधी. शाळेत पगार निघत नव्हता, चौदा महिने. रात्री झोप नाही म्हणून चित्र काढायला बसायची, तर लोकांना वाटलं चित्रं काढते म्हणून झोपत नाही. "काढत होते तोवर बरं होतं. काढताना आवाज यायचे नाहीत." एवढंच. मला हे वाक्य डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टीसारखं कुठे बसवता येत नाही. तिला आजार होता, गोळ्यांनी ती सावरली, हे खरंच आहे. नुसती चित्रं काढून ती बरी झाली असती असं मी म्हणत नाही. पण आजार ओळखायला चार वर्षं लागली, आणि त्या चार वर्षांत पहिली गोष्ट कुठली काढून घेतली असेल तर रंगांची पेटी.

मी म्हणाले, "आणि मी तुझ्या चित्रात स्केचपेनने..."

"ती होय," आत्या म्हणाली. "तू लहान होतीस. उलटवून बघ ते चित्र कधी. मागच्या बाजूला मी किती रंग पुसलेत ते बघ." मग जरा थांबून, "तेव्हा माझे हात थरथरायला लागले होते, गोळीने. म्हणून बंद केलं. तुझं काय त्यात."

मला एकदम रडू फुटलं. आत्या गोंधळली. तिने इकडेतिकडे बघितलं, शाळेची एक सहल पायऱ्या चढत होती. "कसाले रडी ऱ्हायनी?" ती म्हणाली, आजीसारखी. मग मी तिला लिफ्टचं सांगितलं. गोळ्यांचं सांगितलं, नावासकट. ती ते नाव ऐकून म्हणाली, "ती हलकी असते. जेवणानंतर घे. आणि एकदम बंद करू नकोस, मी केलं होतं."

तीस वर्षांचा अनुभव असलेला सीनियर जसा नव्या माणसाला सांगतो, तसं सांगितलं.

*

घर जानेवारीत विकलं गेलं. सुरळ्या अकरा निघाल्या. मी पुण्यात एका दुकानातून त्या मोठ्या स्कॅनरवर स्कॅन करून घेतल्या, आणि मूळ कागद आम्लरहित कागदात गुंडाळून जळगावच्या घरी माझ्या पलंगाखाली ठेवले. पप्पांनी विचारलं, नकलांच्या नकला कशाला? मी त्यांना गिलच्या आगीची गोष्ट सांगितली. भुसावळच्या कबरीबद्दल त्यांना माहीत होतं, आगीबद्दल नव्हतं. ते ऐकून घेत होते म्हणून मी पुढे हेरिंगहॅमचंही सांगितलं, आणि त्याच दमात माझंही. ते काही बोलले नाहीत. रात्री आई खोलीत येऊन बसली, आणि बराच वेळ माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिली. दुसऱ्या दिवशी पप्पांनी विचारलं की पुण्यातले डॉक्टर चांगले आहेत का, की त्यांनी इथे कुणाला विचारू.

पुण्याला परतल्यावर पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना सांगितलं की माझ्या आत्याला मानसिक आजार आहे, आधी मी नाही म्हटलं होतं ते चुकीचं होतं. त्यांनी फाइलमध्ये खाडाखोड करून लिहिलं.

आत्या आता आमच्या मागच्या खोलीत असते. तिला मी चांगले जलरंग आणून दिले, ते तिने कपाटात ठेवले आहेत. अजून उघडलेले नाहीत. मी दर वेळी जळगावला गेले की कपाट उघडून बघते आणि काही न बोलता बंद करते. पद्मपाणीची सुरळी मात्र तिने एकदा मागून घेतली आणि खांद्याचा उतार पेन्सिलीने दुरुस्त केला. जांभळी जागा तशीच आहे. मी म्हटलं, ती खोडायचा काहीतरी उपाय असेल, विचारून बघू का? ती म्हणाली, राहू दे, आता ती पण त्यातलीच झाली.